पाठीवरचं सिमला

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘ओझं’, आणि मला सिमला आठवलं. बारा वर्षांपूर्वी घरच्यांसोबत गेले होते, तेव्हाचं एक चित्र मनात राहून गेलं होतं. लोअर बाजारच्या पायऱ्यांवरून एक लोखंडी कपाट चढत येत होतं. जवळ आलं तेव्हा त्याच्याखालचे दोन पाय दिसले, आणि शेजारून गेलं तेव्हा कमरेत पार वाकलेला माणूस. आम्ही बाजूला सरलो, त्याला वाट दिली आणि मॉलवर फोटो काढायला निघून गेलो. या खेपेला त्या माणसाच्या मागे जायचं, एवढंच ठरवून सप्टेंबरात काल्क्याचं तिकीट काढलं.

कार्ट रोड ते रिज

सिमला म्हणजे घरांची उतरंड आहे. सगळ्यात खाली कार्ट रोड, त्याच्यावर लोअर बाजार, मग मिडल बाजार, त्यावर मॉल आणि डोक्यावर रिज. समुद्रसपाटीपासून साधारण २२०० मीटरवर, डोंगराच्या कण्यावर हे शहर बसलंय. मोटारींचं राज्य कार्ट रोडला संपतं. वरच्या रस्त्यांवर परवान्याच्या मोजक्या गाड्या, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंब जातो. बाकी सगळं पायी. पर्यटकांना हे फार आवडतं. हॉर्न नाही, धूर नाही, मुलांचा हात सोडून चालता येतं. मलाही आवडलं होतं.

पण त्या मॉलवर दुकानं आहेत, उपाहारगृहं आहेत, बँका आहेत, खालीवर हजारो घरं आहेत. त्यांची कणीक, सिमेंट, फरशा, गाद्या, फ्रिज, गॅसचे सिलिंडर हे सगळं ट्रकमधून कार्ट रोडला उतरतं. तिथून वर जायला आहे ती माणसाची पाठ. मॉलवर आपण कॉफी पितो तिच्यातली साखरही कुणाच्या तरी पाठीवरून चढून आलेली असते.

ही पाठ बहुतेक वेळा काश्मिरी असते. सिमल्यात या हमालांना सरसकट ‘खान’ म्हणतात. ‘एक खान बुला दो’ असं दुकानदार म्हणतो, आणि दोर खांद्यावर टाकलेला, फिरन किंवा जुना कोट घातलेला कुणीतरी पुढे येतो. कुलगाम, अनंतनाग या भागांतून हे लोक पिढ्यान् पिढ्या इथे येताहेत. काही वर्षभर राहतात, काही काश्मीरच्या कडक थंडीपुरते येतात. सोबतीला नेपाळी मजूरही असतात. दोघांची ओझं घेण्याची तऱ्हा वेगळी. नेपाळी माणूस पट्टा कपाळावर घेतो आणि मानेवर भार तोलतो. काश्मिरी माणूस दोर खांद्यांवरून छातीशी घेतो आणि भार पाठीवर ठेवतो.

ज्यांच्यामागे मी दोन दिवस चालले ते कुलगामकडचे, वय पंचावन्नच्या पुढे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. सकाळी पहिलं काम होतं दोन सिलिंडरचं, मिडल बाजारच्या वरच्या अंगाला. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचा, म्हणजे पाठीवर ६० किलो. त्यांनी आधी कमरेवर गोणपाटाची जाड घडी बांधली. सिलिंडर कार्ट रोडच्या कठड्यावर आडवे ठेवले, त्यांच्याकडे पाठ करून उकिडवे बसले, दोर दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतला आणि गाठ न मारता मुठीत धरला. गाठ का नाही, असं विचारलं. म्हणाले, ‘‘पाय सरकला तर दोर सोडता आला पाहिजे. गाठ असली तर सामानाबरोबर माणूसही जातो.’’ मग पुढे वाकले, एक हात गुडघ्यावर रेटला आणि उठले.

मागून चालताना मी पायऱ्या मोजत होते. एकशे ऐंशीनंतर दम लागला आणि मोजणी सुटली. ते थांबले दोनदाच, आणि दोन्ही वेळा जिथे भिंत नेमकी त्यांच्या कमरेच्या उंचीची होती तिथे. ओझं खाली ठेवलं तर पुन्हा उचलायला दुसरा माणूस लागतो. म्हणून ते भिंतीवर टेकवायचं, खांदे मोकळे करायचे आणि तसंच पुन्हा घ्यायचं. अशा विसाव्याच्या भिंती त्यांना सगळ्या शहरातल्या पाठ आहेत. कुठली पायरी फुटकी, कुठे गटाराचं पाणी वाहून शेवाळ धरतं, कुठल्या वळणावर लांब कपाट तिरकं करावं लागतं, हा नकाशा त्यांच्या पायांत आहे. ‘‘चढताना गुडघे बोलतात, उतरताना अंगठ्याची नखं,’’ असं ते म्हणाले आणि बूट काढून दाखवला. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली होती. बर्फ पडला की बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवतात, म्हणजे पाय घसरत नाही.

भाव तोंडी ठरतो. वजन किती, पायऱ्या किती, वस्तू फुटणारी आहे का, यावर घासाघीस होते. त्या दिवशी एका नव्या गिऱ्हाइकाने फ्रिज वर न्यायला सांगितलेले पैसे ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. खान काही बोलले नाहीत, बाजूला जाऊन बसले. दहा मिनिटांनी तोच माणूस परत आला, कारण फ्रिज रस्त्यावर होता आणि घर वर होतं.

गावी त्यांची थोडी सफरचंदाची झाडं आहेत. ती मुलगा बघतो. ‘‘तिथल्या पेट्या कोण उचलतं?’’ मी विचारलं. ‘‘बिहारचे लोक येतात,’’ ते म्हणाले.

झांपानी, रिक्षा, आगगाडी

हे शहर वसलंच मुळी दुसऱ्याच्या पाठीवर. १८२२ मध्ये कॅप्टन केनेडीने इथे पहिलं पक्कं घर बांधलं आणि १८६४ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सने सिमल्याला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी केलं. त्यानंतर दरवर्षी उन्हाळा लागला की कलकत्त्याचं आणि पुढे दिल्लीचं सरकार दफ्तरांच्या पेट्यांसह या डोंगरावर चढायचं आणि थंडीच्या तोंडावर उतरायचं. मध्ये सपाट मुलूख असेल तिथवर बैल आणि घोडे. पुढे माणूस. साहेब-मेमसाहेबांना ‘झांपान’ नावाच्या डोलीतून नेणाऱ्यांना झांपानी म्हणत. नंतर रिक्षा आल्या, पण चढावर एकट्याला रिक्षा ओढणं अशक्य, म्हणून पुढे दोघं आणि मागे दोघं लागत. मॉलवर घोडागाडी न्यायची मुभा तिघांनाच होती: व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर. बाकी सगळे गोरे माणसांनी ओढलेल्या रिक्षातून फिरत. मॉलवर मोटार येऊ न देण्याची आजची सुंदर प्रथा या नियमाच्या पोटातून आली आहे, हे मला माहीत नव्हतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. माथेरानमध्येही मोटारीला बंदी आणि तिथेही माणूस माणसाला ओढत होता. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. सिमल्याच्या मॉलवरून माणसांच्या रिक्षा कधीच गेल्या. माणसाच्या पाठीवरचं सामान मात्र तिथेच आहे.

काल्का-सिमला रेल्वे ९ नोव्हेंबर १९०३ ला सुरू झाली. अडीच फुटांची अरुंद वाट, ९६ किलोमीटर लांबी, १०२ बोगदे आणि आठशेहून जास्त पूल. काल्का ६५६ मीटरवर. तिथून गाडी चौदाशे मीटर चढते. मी पहाटेच्या गाडीने गेले. कनोहजवळ दगडी कमानींचा चार मजली पूल लागतो. तो एखाद्या जुन्या रोमन जलवाहिनीसारखा दिसतो आणि त्याच्यावरून गाडी चालण्याच्या वेगाने वळते, म्हणजे खिडकीतून आपलीच गाडी पूर्ण दिसते. या मार्गाची आखणी साहेब अभियंत्यांना जमेना तेव्हा चैलजवळच्या झाझा गावच्या भलकू नावाच्या अशिक्षित पहाडी माणसाने वाट दाखवली. हातातल्या काठीने खडक ठोकून तो कुठून खणायचं ते सांगायचा, असं लोक सांगतात. सिमल्यातलं रेल्वेचं संग्रहालय आज बाबा भलकूच्याच नावाने आहे. २००८ मध्ये युनेस्कोने या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

रिजच्या पोटातलं पाणी

रिजवर सगळे जातात. भर वस्तीतलं एवढं एकच मोठं सपाट मैदान. एका टोकाला ख्राइस्ट चर्च, मधे गांधीजींचा पुतळा, घोड्यावर बसलेली मुलं, आइस्क्रीमच्या गाड्या. या मैदानाच्या एका बाजूला पडलेला पाऊस सतलजला मिळून अरबी समुद्राकडे जातो. दुसऱ्या बाजूला पडलेला गिरी नदीतून यमुनेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला. इतक्या जवळजवळ पडलेल्या थेंबांची दोन समुद्रांत फाटाफूट होते, आणि शहराच्या वाट्याला यातलं काहीच थांबत नाही. डोंगराच्या कण्यावर बसलेल्या गावाचं हे दुखणं आहे. सगळं पाणी खाली पळतं, आणि मग तेच वर उचलून आणावं लागतं.

रिजच्या फरशीखाली पाण्याची टाकी आहे, हे पर्यटकांच्या गावीही नसतं. १८८० च्या दशकातली, चुन्यात बांधलेली, आत अनेक कप्पे, आणि सुमारे ४५ लाख लिटर मावेल एवढी. आजही शहराच्या मधल्या भागाला तिथून पाणी जातं. म्हणजे आपण घोड्यावर बसून फोटो काढतो ते शहराच्या हंड्याच्या झाकणावर. रिजच्या कडेची जमीन अधूनमधून खचते, भेगा पडतात, आणि तेव्हा शहराचा जीव वरखाली होतो तो या टाकीसाठी.

टाकीत पाणी येतं कुठून? मुख्य आधार गुम्मा योजनेचा. खालच्या खोऱ्यातून नौटी खड्डचं पाणी पंपांनी एक किलोमीटरपेक्षा जास्त उंचीवर फेकायचं. (इकडे ओढ्याला ‘खड्ड’ म्हणतात, आणि मराठी माणूस पहिले काही दिवस रस्त्यातल्या खड्ड्यांविषयीच बोलणं चाललंय असं समजतो.) ही योजना १९२० च्या दशकातली आणि तेव्हाच्या सिमल्यासाठी आखलेली. पंपाची वीज गेली, पावसात गाळ आला, उन्हाळ्यात खड्ड आटला, की वरचं शहर कोरडं.

२०१८ च्या मे-जूनमध्ये हे झालं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, झरे आटले आणि ऐन पर्यटनाच्या दिवसांत काही वस्त्यांना आठ-आठ दिवस पाणी मिळालं नाही. उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला, आणि सिमल्याचे लोक समाजमाध्यमांतून ‘येऊ नका’ असं पर्यटकांना सांगू लागले. ज्या शहराचं पोट पर्यटकांवर चालतं त्याने असं म्हणावं, यातच सगळं आलं. त्याच्याही आधी, २०१५-१६ च्या हिवाळ्यात, अश्वनी खड्डच्या पाण्यात मल्याणाच्या मैलाशुद्धीकरण केंद्राचं सांडपाणी मिसळलं आणि शहरभर काविळीची साथ पसरली. शहराने खाली सोडलेलं तेच शहराला वर उचलून पाजलं गेलं.

संजौलीत ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या बाई शाळेत शिकवतात. त्यांच्या न्हाणीघरात तीन रंगांच्या बादल्या होत्या. निळी पिण्याची, हिरवी धुण्याची, लाल धुतल्यावर उरलेल्या पाण्याची, जी शौचाला वापरायची. ‘‘अठरा साली लागलेली सवय आहे,’’ त्या म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात टँकर रात्री दोनला यायचा. बाई आपल्या मुलीला रांगेत बसवायच्या आणि ती रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करायची. टँकर कार्ट रोडला आणि घर शंभर पायऱ्या वर. पाण्याची एक बादली म्हणजे पंधरा किलो. खानांना पैसे देऊन पाणी आणवण्याची ऐपत सगळ्यांची नव्हती. ज्यांची होती त्यांनी आणवलं.

त्या संकटानंतर पाण्यासाठी वेगळं जल प्रबंधन निगम स्थापन झालं, गळत्या शोधल्या गेल्या, नळ्या बदलल्या. सतलजचं पाणी सुमारे दीड हजार मीटर उचलून सिमल्याला आणायची योजना जागतिक बँकेच्या मदतीने हाती घेतली गेली. नळाची अवस्था पूर्वीपेक्षा बरी आहे, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा विश्वास आहे. तरी त्या बाईंनी लाल बादली काढून टाकलेली नाही.

डोंगराचा भार

सिमल्यात नवखा माणूस चकतो तो इमारतींच्या मजल्यांत. रस्त्यावरून आत शिरायचं तर आपण पाचव्या मजल्यावर असतो. बाकीचे चार पायाखाली, उताराला चिकटून. मागून पाहिलं तर काँक्रीटचे बारीक खांब दरीत उतरलेले दिसतात. रस्त्यापासून आणि घरापासून डोंगर धरून ठेवणाऱ्या भिंतीला इथे ‘डंगा’ म्हणतात. चांगला डंगा म्हणजे मोठे दगड, आत झुकता उतार आणि पाणी निघून जायला जागोजाग भोकं. गवंडी सांगत होता, डंगा मातीच्या वजनाने पडत नाही, तिच्यात साठलेल्या पाण्याच्या वजनाने पडतो. भोकं सिमेंटने बुजवली, वरून घराचं सांडपाणी सोडलं, खणलेला मलबा खालच्या नाल्यात ढकलला, की पुढचं काम पाऊस करतो.

इंग्रजांच्या काळी हे शहर २५ हजार माणसांच्या हिशोबाने आखलेलं होतं. २०११ च्या जनगणनेत १,६९,५७८ माणसं मोजली गेली, आणि उन्हाळ्यातले पर्यटक त्याच्याबाहेरचे. जुनी घरं हलकी असत: लाकडी चौकट आणि तिच्या चौकोनांत दगडमातीचा भराव, ज्याला धज्जी म्हणतात. धक्का बसला तर भिंत हलते पण चौकट उभी राहते. ही शहाणपणाची रीत गेली आणि तिच्या जागी सहा-सहा मजली काँक्रीट आलं, तेही भूकंपप्रवण मुलखात.

१४ ऑगस्ट २०२३ हा श्रावणातला सोमवार होता. सिमल्याच्या समरहिल भागातल्या शिवमंदिरात सकाळी पूजेला माणसं जमली होती. वरून डोंगराचा कडा सुटला आणि चिखल, दगड, देवदार सगळं मंदिरावरून खाली गेलं. २० माणसं गेली. याच लोटाने रेल्वेच्या पुलाखालची जमीन नेली आणि जागतिक वारशाचे ते रूळ हवेत दोरासारखे लोंबत राहिले. दुसऱ्या दिवशी, स्वातंत्र्यदिनी, कृष्णानगरातली घरं घसरली. कृष्णानगर ही कष्टकऱ्यांची वस्ती. शहराची झाडलोट करणारे, ओझी वाहणारे तिथे राहतात, कारण पक्क्या खडकावरची जागा कधीच विकली गेलेली असते आणि उरतो तो नाल्याकाठचा भुसभुशीत उतार.

मी समरहिलला गेले. गाडी पुन्हा सुरू आहे. घसरलेल्या पट्ट्यावर गवत आलंय, पण देवदार नाहीत, आणि आजूबाजूच्या गर्द हिरव्यात तो पट्टा वेगळा ओळखू येतो. तिथल्या विद्यापीठातला एक विद्यार्थी सोबत होता. त्याने हाताने रेघ ओढून दाखवली, तिथून तिथपर्यंत. मग आम्ही काही न बोलता परतलो.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये इथल्या बांधकामाला अडीच मजल्यांची मर्यादा घातली होती. २०२४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने लवादाचे आदेश रद्द ठरवले आणि सिमला विकास आराखड्याची वाट मोकळी केली. आराखडा करणं हे सरकारचं काम आहे, लवादाचं नाही, हा न्यायालयाचा मुद्दा समजतो. पण कागदावर कुणाचा अधिकार आहे याने उताराची ताकद वाढत नाही. माझं मत स्पष्ट आहे. या डोंगरावर आणखी मजले चढवू नयेत.

बेगार

सिमल्याहून कुफरी, ठियोग, मतियाना करत नारकंडा. तिथून उजवीकडे फुटलं की ठाणेदार आणि कोटगढ. हा सिमला जिल्ह्याचा सफरचंदांचा मुलूख. रस्ता जुना हिंदुस्थान-तिबेट मार्ग आहे, डलहौसीच्या काळात, १८५० मध्ये सुरू झालेला.

या वाटेवर साहेब शिकारीला, सहलीला, कामाला निघाला की त्याचं सामान वाहणं गावकऱ्यांना सक्तीचं होतं. मुक्कामाच्या टप्प्यांवर गावोगावची माणसं हजर ठेवायची, मजुरी नाममात्र किंवा तीही नाही, पेरणी असो की कापणी. याला ‘बेगार’ म्हणत. आपल्याकडचा ‘वेठबिगार’ हा शब्द निम्मा तोच आहे.

ही बेगार मोडण्यात पुढे होता तो एक अमेरिकन. सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स, १८८२ साली फिलाडेल्फियाच्या सधन घरात जन्मलेला, १९०४ मध्ये सुबाथूच्या कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला आणि कोटगढात स्थायिक झाला. १९१२ मध्ये त्याने इथल्याच एका मुलीशी, अ‍ॅग्नेसशी लग्न केलं. १९२०-२१ मध्ये त्याने कोटगढच्या लोकांना संघटित केलं आणि विनामोबदला ओझं उचलणार नाही असं सगळ्या गावांनी मिळून सांगितलं. अधिकाऱ्यांना नमतं घ्यावं लागलं. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याच्याविषयी लिहिलं. १९२१ मध्येच असहकाराच्या चळवळीत स्टोक्स तुरुंगात गेला. १९३२ मध्ये त्याने हिंदू धर्म स्वीकारला आणि तो सत्यानंद स्टोक्स झाला.

याच माणसाने १९१६ मध्ये अमेरिकेहून रेड डिलिशियस जातीची कलमं आणून कोटगढात लावली. तोवर इथल्या शेतात पोटापुरतं पिकायचं. आज हिमाचलच्या या पट्ट्यातली पक्की घरं, मुलांची शिक्षणं, गाड्या, सगळं सफरचंदावर उभं आहे. ठाणेदारला त्याने बांधलेलं परमज्योती मंदिर अजून आहे. दगड आणि लाकूड, आत मूर्ती नाही, भिंतींवर उपनिषदांतली आणि गीतेतली वचनं कोरलेली. मी गेले तेव्हा आत कुणी नव्हतं. पुढच्या व्हरांड्यात बसलं की खाली सतलजचं खोरं दिसतं. स्टोक्सला इकडे सफरचंदांसाठी ओळखतात. माझ्या लेखी त्याचं मोठं काम बेगारीचं आहे. झाडं कुणीतरी कधीतरी आणलीच असती.

किल्टा आणि पेटी

सफरचंद पिकवणाऱ्याला इथे ‘बागवान’ म्हणतात. आपल्याकडे बागवान म्हणजे फळं विकणारा, तिथे लावणारा. ज्या बागेत मी एक दिवस काढला तिथल्या अम्मा सत्तरीच्या पुढच्या. डोक्याला ढाटू बांधलेला, पाठीवर किल्टा. किल्टा म्हणजे बांबूची निमुळत्या बुडाची उभी टोपली. तिच्या पट्ट्यांत हात घालून पाठीवर घ्यायची. निमुळतं बूड का, ते उतारावर चालल्यावर कळलं. रुंद टोपली मागच्या बांधाला घासते, ही घासत नाही.

फळ तोडायचं म्हणजे ओढायचं नाही. तळहातात घेऊन किंचित वर उचलून वळवायचं, म्हणजे देठासकट सुटतं. देठ तुटला तर फळाचा भाव तुटतो, आणि शेजारची पानांची गाठ मोडली तर पुढच्या वर्षीचं फळ गेलं. अम्मांनी मला चार फळं तोडू दिली. दोन देठाशिवाय आली, ती त्यांनी घरच्या टोपलीत टाकली.

झाडाभोवतीच्या आळ्याला त्या ‘तौलिया’ म्हणत होत्या. हिवाळ्यात त्यावर बर्फ बसला की मुळांना हळूहळू पाणी मिळतं. पण बर्फाचा खरा उपयोग थंडीचा. रॉयल डिलिशियससारख्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे हजाराहून जास्त तास लागतात. तेवढी झोप झाली नाही तर वसंतात फुलोरा धड येत नाही. ‘‘माझ्या लग्नात दार उघडायला बर्फ खणावा लागला होता,’’ अम्मा म्हणाल्या. आता खालच्या उंचीवरच्या बागा थंडी कमी लागणाऱ्या जातींकडे वळताहेत आणि सफरचंद वर-वर सरकतंय.

घराच्या अंगणात प्रतवारी चालली होती. लार्ज म्हणजे पेटीत १०० फळं, मीडियम १२५, स्मॉल १५०, आणि सगळ्यात बारीक ते ‘पित्तू’. पूर्वी पेटी ताणता येणारी असे. खोका दोन भागांचा, वरचा भाग उचलत न्यायचा आणि आणखी एक थर घालायचा. पेटी वीस किलोची म्हणायची आणि आत अठ्ठावीस, तीस भरायचे, आणि भाव मात्र पेटीवर. वरचे किलो बागवानाचे बुडत. बागवान वर्षानुवर्षं भांडले. २०२४ पासून एकसंध खोका सक्तीचा झाला, जो ताणता येत नाही आणि ज्यात वीस किलोच मावतात. बागवानाला न्याय मिळाला, आणि कुणी मुद्दाम ठरवलेलं नसलं तरी पेटी उचलणाऱ्याच्या पाठीवरचे आठ-दहा किलोही उतरले.

बागेतून रस्त्यापर्यंत पेट्या नेत होते नेपाळी तरुण, कपाळाला पट्टा लावून, दोन-दोन पेट्या. रस्त्यावर पिकअप, पुढे मंडी. मंडीत आडती आणि ‘लदानी’. लदानी म्हणजे माल विकत घेऊन ट्रकात लादणारा व्यापारी. शब्द ऐकताक्षणीच कळला, कारण आपणही लादतोच. संध्याकाळी पराळा मंडीत ट्रक भरताना पाहिले. एका ट्रकमागे लिहिलं होतं, मुंबई.

वाशी

परतल्यावर आठ दिवसांनी पहाटे चारला वाशीच्या फळबाजारात गेले. तोच ट्रक नव्हता अर्थात, पण तशाच पेट्या होत्या, हिमाचलचा शिक्का असलेल्या, आणि त्या उतरवत होते माथाडी कामगार. साताऱ्याकडचे एक मामा, डोक्यावर चुंबळ, एका हाताने पेटी तोलत चाललेले. त्यांच्याशी बोलले. मजुरी मंडळात जमा होते, तिथून खात्यावर येते. भविष्यनिर्वाह निधी आहे, बोनस आहे, दवाखाना आहे. पाठ धरली तेव्हा ते महिनाभर घरी होते आणि काम गेलं नाही.

हे आकाशातून पडलेलं नाही. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, लढे झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाला मंडळामार्फत कामगार म्हणून ओळख देणारा तो कायदा. आज त्यातही गैरप्रकार आहेत, मंडळांच्या तक्रारी आहेत, आणि माथाडींच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले आहेत. तरी साताऱ्याचे मामा पाठ धरल्यावर उपाशी राहिले नाहीत.

सिमल्याच्या खानांना मी शेवटच्या दिवशी विचारलं होतं, पाय मोडला तर? गेल्या वर्षी पडले होते, असं ते म्हणाले. सोबतच्या माणसांनी वर्गणी काढली, एक महिना खोलीचं भाडं भरलं, आणि दुसऱ्या महिन्यात ते दोर घेऊन पुन्हा कार्ट रोडला उभे राहिले.

मॉलवर मोटारी येऊ नयेत. त्या आल्या तर सिमला संपेल. पण त्या येत नाहीत म्हणून जे ओझं वाहतात, त्यांची नोंद, त्यांचा ठरलेला दर, त्यांच्या पाठीवरच्या वजनाची मर्यादा आणि पडल्या दिवसाचा पगार ही त्या शहराची जबाबदारी आहे. हिमाचल सरकारने महाराष्ट्राच्या १९६९ च्या कायद्याच्या धर्तीवर डोंगरी हमालांसाठी मंडळ करावं, आणि मुंबईतल्या माथाडी संघटनांनी त्यांना ते कसं चालवायचं हे जाऊन सांगावं. हिमाचलची सफरचंदं दरवर्षी वाशीत येतातच. आता इथून काहीतरी तिकडे जायला हवं.